नवं फिजिक्स शोधायचंय? मग आधी जुनं मोजायला शिका

बीएस्सीची मुलं-मुली भेटली की हमखास विचारतात, कोलायडरवर, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रावर, काम करायचंय तर स्ट्रिंग थिअरी कधीपासून वाचायला घेऊ? मी म्हणते ती राहू दे आत्ता, अप्पा बळवंत चौकातून स्टॅटिस्टिक्सचं एखादं सेकंडहँड पुस्तक घ्या आणि पायथन शिका.

मी पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत पीएचडी करतेय, आमचा ग्रुप जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात आहे, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो बॅकग्राउंडचा, म्हणजे नव्या सिग्नलसारख्या दिसणाऱ्या पण जुन्याच फिजिक्सच्या घटनांचा, अंदाज काढण्यात. म्हणजे बघा, टकरीत डार्क मॅटर (विश्वातला न दिसणारा पदार्थ) तयार झालं तर ते डिटेक्टरला दिसणारच नाही, फक्त हिशोबात आडव्या दिशेचा मोमेंटम कमी भरेल. पण झेड बोसॉन या ओळखीच्या कणाचे दोन न्यूट्रिनो झाले, जे डिटेक्टरला दिसत नाहीत, तरी डिट्टो तसंच दिसतं! मग आम्ही झेडपासून दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) झालेल्या घटना मोजतो, त्या नीट दिसतात, आणि न्यूट्रिनोवाल्या साधारण ६ पट असतात हे माहीत असतं, त्यावरून अंदाज बांधतो. हा अंदाज पक्का होईपर्यंत जिथे सिग्नल असू शकतो तिथला डेटा उघडायचाच नाही, असा नियम. मला या कामातली ही शिस्त सगळ्यात जास्त आवडते.

आणि ती लागतेच. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नचाच दुसरा प्रयोग अ‍ॅटलास आणि सीएमएस दोघांनाही दोन फोटॉनच्या प्लॉटमध्ये ७५० जीईव्हीजवळ (जीईव्ही हे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) नव्या कणासारखा उंचवटा दिसला, त्यावर शेकडो थिअरी पेपर आले, आणि ऑगस्ट २०१६ पर्यंत जास्त डेटा आल्यावर तो गायब.

पीएचडीसाठी जेस्ट, नेट, गेट या परीक्षा आहेतच, त्याची माहिती सगळीकडे मिळते. मीटिंगा जिनिव्हाच्या वेळेने, म्हणजे तिकडचे दुपारचे ४ हे थंडीत आपले रात्रीचे साडेआठ, तेवढी तयारी ठेवा.

पण अ‍ॅडमिशनची वाट बघू नका, सर्नचा ओपन डेटा फुकट आहे. २०१२ चा सीएमएसचा दोन म्यूऑनचा डेटा घ्या आणि जोडीच्या वस्तुमानाचा प्लॉट काढा, ३.१ जीईव्हीला जे-साय, ९.५ च्या आसपास अप्सिलॉन आणि ९१ ला झेड, या सगळ्या कणांचे उंचवटे तुमच्या लॅपटॉपवर उभे राहतात. मग प्रोजेक्टसाठी सरांना किंवा मॅडमना मेल कराल तेव्हा मार्कशीटसोबत हा प्लॉट जोडा, आणि खाली दोन ओळी लिहा की झेडच्या उंचवट्याला स्वतःची अडीच जीईव्ही रुंदी आहे, पण जे-सायची जी रुंदी दिसतेय ती जवळपास सगळी डिटेक्टरच्या मोजमापातल्या चुकीमुळे आहे.