फोटोतले बदल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही दिसायला हवेत? आधी एवढं बघून घ्या

सगळ्यात आधी आपलं सॉफ्टवेअर बदल ठेवतं कुठे ते बघा, अर्धा घोळ तिथेच असतो. लाइटरूम क्लासिक, डार्कटेबल, शॉटवेल ही फोटो सांभाळायची आणि एडिट करायची सॉफ्टवेअर मंडळी मूळ फोटोच्या पिक्सेलना हातच लावत नाहीत, तुम्ही क्रॉप करा, उजेड वाढवा, काहीही करा, ते सगळं आपल्या डेटाबेसमध्ये टिपून ठेवतात आणि फोटो उघडला की त्यावरून चित्र तयार करून दाखवतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ही टिपणं माहीतच नसतात, मग ते जुनाच फोटो दाखवणार, त्याचा काय दोष. गूगलच्या पिकासा या फोटो सॉफ्टवेअरचंही तेच. गूगलने ते २०१६ मध्ये बंद केलं तरी कुणाच्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून असेल, तर नवीन सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी त्यात केलेले बदल फोटोत सेव्ह करून घ्या.

मग ठरवा की समोरच्याला नक्की काय दिसायला हवंय, बदललेलं चित्र की फोटोची माहिती, कारण दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत. कॅप्शन, कीवर्ड, स्टार एवढंच हवं असेल तर लाइटरूम क्लासिकच्या लायब्ररीत फोटो सिलेक्ट करून कंट्रोल एस, मॅकवर कमांड एस. जेपेग असेल तर माहिती फाइलच्या आतच जाते, कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल असेल तर शेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल तयार होते. ही छोटी फाइल फालतू समजून डिलीट करू नका आणि फोल्डर हलवताना दोन्ही बरोबर न्या. आता गंमत अशी की त्याच एक्सएमपीत तुमच्या एडिटिंगचे आकडेही असतात, पण ते नीट कळतात अडोबीच्याच ब्रिज किंवा कॅमेरा रॉला, साध्या फोटो व्ह्यूअरला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यामुळे कंट्रोल एस दाबलं तरी फोटो तसाच का दिसतो म्हणून डोकं धरून बसू नका. व्हर्च्युअल कॉपीचे, म्हणजे लाइटरूममध्ये एकाच फोटोची नवी फाइल न करता बनवलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे बदल तर एक्सएमपीत जातच नाहीत.

चित्रच हवं असेल तर एक्सपोर्टला, म्हणजे बदलांसकट नवीन फाइल काढण्याला पर्याय नाही. वेगळा फोल्डर करा, मूळ फाइलवर ओव्हरराइट करायचं नाही म्हणजे नाही. कलर स्पेस, म्हणजे रंगांची मोजपट्टी, सगळीकडे चालणारी एसआरजीबी ठेवा, अडोबी आरजीबी या जास्त रुंद मोजपट्टीत एक्सपोर्ट केलेला फोटो कलर मॅनेजमेंट नसलेल्या, म्हणजे फोटोची मोजपट्टी न बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फिका पडतो आणि मग लोक मॉनिटरला शिव्या घालतात. पुढे अजून एडिटिंग होणार असेल तर १६ बिट टिफ (रंगांचे बारकावे जास्त जपणारी मोठी फाइल), नुसतं बघायचं असेल तर जेपेग, ते ८ बिटच असतं आणि दर वेळी बदलून सेव्ह केलं की थोडं खराब होतं. एक्सपोर्टच्या खिडकीत मेटाडेटाचा, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीचा पर्याय पण बघा, तिथे फक्त कॉपीराइट निवडलेलं असेल तर मेहनतीने टाकलेले कीवर्ड गायब. डीएनजी (अडोबीचा रॉ फाइलचा प्रकार) वापरणाऱ्यांना मात्र एक सोय आहे, लाइटरूममधून डीएनजीचा प्रीव्ह्यू अपडेट केला की आतलं छोटं जेपेग बदलतं, आणि तेच दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचे बदल दिसतात.

गिंप या फुकट फोटो एडिटरमध्ये २.८ आवृत्तीपासून सेव्ह म्हणजे त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल, जेपेग हवं तर एक्सपोर्ट. आयफोनवरून फोटो घेताना सोबत एएई फाइल दिसली तर समजा की बदल तिच्यात आहेत, फोटोत नाहीत. मॅकच्या फोटोजमध्ये अनमॉडिफाइड ओरिजिनल निवडलंत तर बदल येणारच नाहीत, साधं एक्सपोर्ट घ्या.

शे-दोनशे फोटो एक्सपोर्ट करण्याआधी एकच एक्सपोर्ट करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. थंबनेलवर विश्वास ठेवू नका, तो बऱ्याचदा कॅशमधला, म्हणजे आधी साठवून ठेवलेला जुना असतो, फोटो पूर्ण उघडूनच बघा. उभा फोटो आडवा दिसला तर त्या सॉफ्टवेअरने फिरवल्याची एक्झिफमधली (फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेल्या माहितीतली) खूण वाचलेली नाही, तो फोटो खरोखर फिरवून परत सेव्ह करावा लागेल. आणि सगळं जमलं तरी मूळ फाइल आणि कॅटलॉग (लाइटरूमचा तो टिपणांचा डेटाबेस) दोन्हींचा बॅकअप ठेवाच, उद्या क्रॉप थोडा सैल हवा झाला तर एक्सपोर्ट केलेल्या जेपेगमधून कापलेला भाग परत येत नाही.