क्वेसारमधल्या हायड्रोजनच्या रेषा मोजताना या चुका टाळा

क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या झगझगीत केंद्राच्या) वर्णपटात एक रुंद रेषा दिसली की लगेच रेडशिफ्ट (रेषा तांबड्या बाजूला किती सरकली याचं प्रमाण) काढून मोकळं व्हायचं, ही घाई सगळ्यात जास्त नडते. समजा ५६२९ अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) फुगवटा आहे. तो एच-बीटा (एच-अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा या हायड्रोजनच्या बामर मालिकेच्या रेषा) मानला तर रेडशिफ्ट ०.१५८, मॅग्नेशियमची २७९८ ची रेषा मानली तर १.०१, लायमन-अल्फा (हायड्रोजनचीच अतिनील रेषा) मानला तर ३.६३. तिन्ही उत्तरं पटण्यासारखी! म्हणून दुसरी रेषा हवीच. आधी तरंगलांबींची गुणोत्तरं काढा: एच-बीटा भागिले एच-गॅमा १.१२०, एच-गॅमा भागिले एच-डेल्टा १.०५८. रेडशिफ्ट कितीही असो, ही बदलत नाहीत.

थ्री-सी ४८ (केंब्रिजच्या तिसऱ्या रेडिओ यादीतला क्वेसार) चा वर्णपट १९६० पासून अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या मंडळींच्या हातात होता, पण रेषा कशाच्या ते उलगडेना. दुर्मिळ मूलद्रव्यांपर्यंत तर्क गेले. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांच्या लक्षात आलं की त्याच यादीतल्या थ्री-सी २७३ च्या रेषांमधलं अंतर आणि त्यांची तीव्रता निळ्या बाजूला पद्धतशीर कमी होत जाते. म्हणजे साधी बामर मालिकाच, १५.८ टक्के सरकलेली. ते कळल्यावर थ्री-सी ४८ चं ०.३६७ ही लगोलग हाती आलं.

याच थ्री-सी २७३ चा एच-अल्फा ७६०० अँगस्ट्रॉमला येतो, नेमका आपल्या वातावरणातल्या ऑक्सिजनच्या ए-पट्ट्यावर. हा पट्टा ७५९४ पासून सुरू होतो आणि रेषेचं शिखरच खातो. त्यावर गॉसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवला की केंद्र आणि रुंदी दोन्ही चुकतात, आलेख मात्र झकास दिसतो. त्याच रात्री, तितक्याच उंचीवरच्या बी वर्गाच्या (उष्ण, निळसर) ताऱ्याचा वर्णपट घ्या आणि त्यातून काढलेल्या शोषणाने भागा. सॉफ्टवेअरमधल्या तयार दुरुस्तीवर मी विसंबत नाही. आणि रेडशिफ्टसाठी एच-बीटाच धरतो.

रुंदीचा वेग काढताना निरीक्षित रुंदीला निरीक्षित तरंगलांबीनेच भागा. समजा वरच्या एच-बीटाची रुंदी ६५ अँगस्ट्रॉम आहे: भागिले ५६२९, गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४६० किमी. एच-बीटाच्या मूळ ४८६१ ने भागलं तर ४००० च्या वर. कृष्णविवराच्या वस्तुमानात वेगाचा वर्ग येतो, म्हणजे थेट ३४ टक्के फुगवटा. त्याआधी उपकरणाची स्वतःची रुंदी वर्गात वजा केलेली असावी.

हवेतली आणि निर्वातातली तरंगलांबी मिसळू नका: एच-अल्फा ६५६२.८ की ६५६४.६, यात सेकंदाला ८० किमीचा फरक पडतो. स्लोन आकाश सर्वेक्षणाचे (एसडीएसएस) वर्णपट निर्वातातले असतात.

एच-बीटाच्या दोन्ही बाजूंना लोहाच्या रेषांचा गिचका असतो. मूळ तरंगलांबी ४५७० च्या आसपास पार्श्वभूमीची रेघ ओढू नका.

लायमन-अल्फाची निळी बाजू वाटेतला हायड्रोजन खातो, तांबड्या बाजूला १२४० चा नायट्रोजन चिकटतो. त्याच्या शिखरावरून रेडशिफ्ट ठरवायचं धाडस करू नये.