स्पॅटर की स्प्लॅटर? या चुका टाळा

पावसात म्हापशाच्या रस्त्याने चालताना बाजूने बस गेली आणि पांढऱ्या शर्टावर तांबड्या चिखलाचे बारीक ठिपके उठले, तर ते इंग्रजीत स्पॅटर. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या माशेलला चिखलकाला, म्हणजे चिखलातले खेळ, खेळून मुलगा बरबटून घरी आला, तर ते स्प्लॅटर. पहिल्यात शिंतोडे, दुसऱ्यात चिखलाचे थापेच्या थापे. मुलांना मी फरक असाच सांगते आणि तो त्यांच्या लक्षात राहतो.

तरी या दोन शब्दांमध्ये पक्का बांध नाही. स्प्लॅटर हा शब्द स्प्लॅश आणि स्पॅटर यांच्या मिसळणीतून आला असे मानतात, त्यामुळे दोघांचे अर्थ एकमेकांत शिरतात. साध्या वाक्यात एकाच्या जागी दुसरा आला, तर मी गुण कापत नाही.

खरी चूक होते ती ठरलेल्या नावांत. गुन्ह्याच्या तपासात रक्ताच्या शिंतोड्यांना ब्लड स्पॅटर म्हणतात. बातमीत त्याचे स्प्लॅटर करू नका. वेल्डिंग करताना उडून चिकटणारे धातूचे बारीक मणी, तेही स्पॅटरच. उलट, बांगडे तळताना तव्यावर ठेवायची जाळी स्प्लॅटर स्क्रीन या नावाने विकली जाते. तेलाचे थेंब बारीक असतात हे खरे, पण इथे तर्क लावू नका. नाव आहे तसेच घ्या.

फोडणीत मात्र दोन्ही नकोत. मोहरी तडतडते त्याला आपल्याकडच्या इंग्रजी पाककृतींत स्प्लटर म्हणतात, कारण तिथे आवाज महत्त्वाचा. एका अक्षराच्या फरकाने मुले हमखास फसतात.

वाक्यरचनाही सांभाळा. शर्ट कर्ता असेल तर ‘माय शर्ट वॉज स्पॅटर्ड विथ मड’. इथे विथऐवजी बाय लिहिण्याची सवय मोडायला हवी, कारण चिखल स्वतः काही उडवत नाही. उडवते ती बस: ‘द बस स्पॅटर्ड मड ऑन माय शर्ट’. स्पेलिंगमध्ये टी दोनदा येतो.

सगळ्यात जास्त वेळ मी एका वाक्प्रचारावर घालवते. ‘चारित्र्यावर शिंतोडे उडवणे’ याचे भाषांतर मुले स्पॅटर वापरून करतात आणि वाक्य कपड्यांवरच्या डागांचे होऊन बसते. इथे ‘कास्ट अस्पर्शन्स ऑन’ लिहावे. अस्पर्शन हा शब्द लॅटिनमधल्या शिंपडण्याच्या क्रियापदावरून आला, म्हणजे मुळात तोही शिंतोडाच. चर्चमध्ये पाद्री लोकांवर पवित्र पाणी शिंपडतात, त्या विधीलाही इंग्रजीत अस्पर्शन हेच नाव आहे. फक्त तिथे तो एकवचनी असतो आणि बदनामीच्या अर्थाने बहुधा अनेकवचनी, म्हणून शेवटचा एस विसरू नका.