क्लिप हाय पण सापडत नाही? व्हिडिओ एडिटिंग करताना मेटाडेटाच्या या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात एका ताईचा फोन आला. तिचं लग्न आम्हीच शूट केलेलं, परतूर तालुक्यातल्या एका खेड्यात, दोन वर्षांपूर्वी. म्हणली, "भैय्या, आमची आज्जी गेली हो परवा. हळदीच्या दिवशी तिनं जात्यावर ओवी म्हणली होती, व्हिडिओत ती आलेली नाही, तुमच्याकडं राहिलंय का काही?" राहिलेलं होतं, मला पक्कं आठवत होतं, पण ते शोधायला दीड दिवस गेला. फोल्डरला नाव काय तर आडनाव आणि तारीख, आत तीन कॅमेऱ्यांच्या साडेसहाशे क्लिपा, त्यातल्या तीन क्लिपांचं नाव एकच, सी००१२, आणि आज्जीची क्लिप तारखेनं लावल्यावर भलत्याच वर्षात जाऊन बसलेली कारण त्या कॅमेऱ्याचं घड्याळ रिसेट झालेलं. सापडली तेव्हा एक मिनिट चाळीस सेकंदाची निघाली. जात्याला हळकुंड-सुपारीची पुडी बांधलेली, आज्जीचा हात खुंट्यावर, आणि दुसऱ्या ओळीला मागनं कुणीतरी जेवायला हाक मारायलंय.

त्या दीड दिवसात जे जे चुकलेलं दिसलं ते इथं लिहितोय. उदाहरणं लग्नाची आहेत, पण कीर्तन असो, यूट्यूबचा चॅनल असो का शेतीचे व्हिडिओ, काम तेच आहे. मेटाडेटा म्हणजे फार मोठं काही नाही, क्लिपबद्दलची माहिती: कधी काढली, कोणत्या कॅमेऱ्यानं, आत कोण आहे, काय चाललंय. यातलं पहिलं दोन कॅमेरा स्वतः लिहितो, बाकीचं आपल्यालाच लिहावं लागतं.

कॅमेऱ्याचं घड्याळ न बघणं

हे सगळ्यात आधी, कारण इथं चुकलं की पुढं सगळंच चुकतं. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की कॅमेऱ्याची तारीख जाते, आणि गडबडीत पोरं तारीख विचारणारी स्क्रीन ओके ओके करून टाकतात. शूटच्या सकाळी सगळे कॅमेरे एका जागी ठेवा, एका मोबाईलमधली वेळ बघून मिनिटापर्यंत जुळवा, आणि प्रत्येक कॅमेऱ्यात त्या मोबाईलच्या स्क्रीनचा पाच सेकंदाचा शॉट घ्या. पुढं घड्याळ चुकलेलं निघालं तरी त्या शॉटवरून किती फरक आहे ते कळतं, आणि एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यानं सगळ्या क्लिपांची तारीख तेवढीच मागंपुढं सरकवता येते. आधी कॉपीवर करून बघा मात्र, ओरिजिनलला हात नको.

अजून एक, यात लई जण गोंधळतात. मोबाईलच्या व्हिडिओत वेळ बहुतेक यूटीसीमधे (जगाची प्रमाण वेळ) लिहिलेली असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. हळद सकाळी ९ ला लागली आणि मीडियाइन्फोमधे (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) ३:३० दिसायलं तर मोबाईल बिघडलेला नाही. बरेच कॅमेरे मात्र इथलीच वेळ लिहितात, म्हणून मोबाईल आणि कॅमेऱ्याच्या क्लिपा एकत्र वेळेनं लावल्या की हळद देवकाच्या आधी का नंतर काहीच कळत नाही. विंडोजमधला क्रिएटेड तारखेचा कॉलम तर बघूच नका, तो तुम्ही कॉपी कधी केली ते दाखवतो. मीडिया क्रिएटेड नावाचा वेगळा कॉलम आहे, तो चालू करा.

सगळ्या क्लिपा सी०००१

कार्ड फॉरमॅट केलं की बऱ्याच कॅमेऱ्यात नंबर परत एकपासून सुरू होतो. सोनीत फाइल नंबर सिरीजवर ठेवायचा पर्याय असतो, आणि बऱ्याच नव्या बॉडीत नावात तारीख आणि आपण दिलेलं अक्षरही टाकता येतं. प्रत्येक कॅमेऱ्याला ए, बी, सी असं अक्षर द्या, निम्मं काम तिथंच होतं. गोप्रोचं उलटं, तो लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतो आणि तुकड्याचा नंबर आधी, क्लिपचा नंतर लिहितो, म्हणून नावानं लावलं की सगळ्या क्लिपांचे पहिले तुकडे एकीकडं आणि दुसरे भलतीकडं.

नाव बदलायचंच असेल तर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे घ्यायच्या आधी बदला. टाइमलाइन अर्धी झाल्यावर फोल्डरात जाऊन नाव बदललं की क्लिपा ऑफलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरला फाइलच सापडत नाही, आणि मग रिलिंक करत, परत जोडत बसा. प्रीमिअर नाहीतर रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या आत नाव बदललं तर ते फक्त प्रोजेक्टमधे बदलतं, डिस्कवरची फाइल तशीच राहते, हेही ध्यानात ठेवा. आणि कार्डातनं फक्त व्हिडिओ उचलू नका. सोनीत प्रत्येक क्लिपबरोबर एक छोटी एक्सएमएल फाइल असते, तिच्यात त्या क्लिपची माहिती असते, पोरं ती कचरा समजून डिलीट करतात. आख्खं कार्ड जसंच्या तसं कॉपी करा.

लिहिलेलं कुठं साठतंय ते माहीत नसणं

प्रीमिअरच्या मेटाडेटा पॅनलमधे क्लिप आणि फाइल असे दोन भाग आहेत. क्लिपच्या भागात लिहिलेलं प्रोजेक्टमधे राहतं. फाइलच्या भागातलं एक्सएमपी (मेटाडेटा लिहायची एक पद्धत) म्हणून थेट फाइलीत जातं, नाहीतर फाइलच्या शेजारी वेगळी फाइल होऊन बसतं. नवीन प्रोजेक्ट उघडून तीच क्लिप घेतली आणि टॅग (आपण लिहिलेले शोधायचे शब्द) गायब दिसले तर आधी हेच तपासा. रिझॉल्व्हमधे तुम्ही भरलेले कीवर्ड, कॉमेंट वगैरे त्याच्या डेटाबेसमधे राहतं, व्हिडिओच्या फाइलीत नाही, म्हणून कॉम्प्युटर फॉरमॅट मारला आणि बॅकअप नसला की टॅग गेले. काम झालं की प्रोजेक्ट एक्सपोर्ट करा आणि फाइल मेनूमधनं मेटाडेटाची सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमधे उघडणारी यादी, तीपण काढून त्याच हार्डडिस्कवर ठेवा. ती परत घेताना फाइलच्या नावावरून आणि टाइमकोडवरून (क्लिपच्या फ्रेमवर असलेला वेळेचा आकडा) जुळवायचे पर्याय येतात, आणि तुमच्याकडं तीन सी००१२ असतील, सगळ्यांचा टाइमकोडपण शून्यापासून असेल, तर एकीची माहिती दुसरीला चिकटू शकते.

पाहुण्यांचे मोबाईल व्हिडिओ व्हॉट्सॲपवर घेताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधं पाठवलं तर क्वालिटीबरोबर मूळ तारीखही जाते.

एका गोष्टीला चार शब्द

एकानं लिहिलं हळद, दुसऱ्यानं हळदी, तिसऱ्यानं इंग्रजी अक्षरात. आपल्याकडं परण्या निघतो, नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो, पण पुण्याचा एक पोरगा आमच्याकडं सीझनला होता त्यानं त्याला वरात लिहिलं, आणि खरी वरातही वरातच. आता शोधा. गावांचंही तसंच, आमच्या जुन्या फुटेजला औरंगाबाद आणि उस्मानाबाद असे टॅग आहेत, २०२३ नंतरच्याला छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, एक नाव टाकलं की निम्मं फुटेज दिसतच नाही. आम्ही जुन्या क्लिपांना नवं नाव जोडून टाकलं, जुनं काढलं नाही.

देवनागरीत अजून एक भानगड आहे जी डोळ्याला दिसतच नाही. नवऱ्याकडचे या शब्दातला ऱ्य वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या पद्धतीनं टाइप होतो, स्क्रीनवर सारखा दिसतो पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात, आणि सर्च रिकामा येतो. म्हणून आम्ही पंचवीस-तीस शब्दांची एक यादी नोटपॅडमधे करून ठेवलीय, टॅग त्यातूनच कॉपी करायचा, हातानं टाइप नाही करायचा. फाइलच्या आणि फोल्डरच्या नावात मात्र इंग्रजी अक्षरं आणि आकडेच ठेवा.

शॉट लिहिणं, माणूस न लिहिणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आम्ही क्लोजअप, वाइड, स्लोमो असं सगळं लिहायचो. आजपर्यंत एकाही घरानं मला क्लोजअप मागितलेला नाही. आत्या मागतात, मामा मागतात, आज्जी मागतात. आणि कोण मावशी, कोण काकू हे पंधरा दिवसांनी आपल्याला सांगता येत नाही. म्हणून आता हळदीच्या रात्री, जेवणं झाल्यावर, घरातल्या एका पोरीला लॅपटॉपपुढं बसवतो, ती सांगत जाते आणि आपण लिहीत जायचं, अर्ध्या तासात पन्नास माणसं होतात. माणूस, विधी, गाव, कॅमेरा, आणि क्लिप चांगली आहे का, एवढ्या पाचच गोष्टी भरा. वीस रकाने ठरवले की दुसऱ्या लग्नापर्यंत कुणीच भरत नाही. मग रिझॉल्व्हमधे स्मार्ट बिन (नियमानं भरणारं फोल्डर) करून आज्जी आणि हळद असे दोन नियम टाकले की तेवढ्याच क्लिपा समोर येतात, पुढं टॅग वाढले तर बिनपण आपोआप भरत जातो. प्रीमिअरमधे हेच काम सर्च बिन करतो.

जुन्या हार्डडिस्का सगळ्या अशा भरत बसणं होणार नाही, लगीनसराईत तर नाहीच. मी सध्या त्यांच्यातनं फक्त म्हाताऱ्या माणसांच्या क्लिपा आधी टॅग करायलोय. दोन डिस्का झाल्यात, अकरा राहिल्यात.