पक्ष्यांसाठी हलका मिररलेस: विकत घेण्यापूर्वीच्या चाचणीची तयारी

दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटे हाताळलेला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा हलकाच वाटतो; म्हणून नागपूरच्या सीताबर्डीतून किट (कॅमेरा आणि लेन्स) भाड्याने आणण्यापूर्वी किंवा मित्राकडून मागून घेण्यापूर्वी आपल्याला त्यात नेमके काय तपासायचे आहे, ते कागदावर उतरवून ठेवावे.

वजन नेहमी कॅमेरा आणि लेन्स मिळून धरावे. कॅननचा आर७ बॅटरी व कार्डासह ६१२ ग्रॅमचा आणि आरएफ १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅमची, म्हणजे सारे मिळून सव्वा किलो. उलट डीएसएलआरची, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्याची, ६०० मिमी एफ/४ ही एकटी लेन्स, तिच्या तिसऱ्या आवृत्तीतही, तीन किलोंहून जड आहे. मात्र ही बचत फुकट मिळत नाही, कारण ती छोटी लेन्स ४०० मिमीला एफ/८ वर येते (हा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान) आणि एफ/४ च्या मानाने जेमतेम पाव हिस्सा प्रकाश आत घेते. डिसेंबरात नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि झाडीतले पक्षी सर्वांत चपळ असतात ते नेमके त्याच अपुऱ्या उजेडात, त्यामुळे खरी परीक्षा तिथेच घ्यावी. त्यासाठी गोरेवाड्याच्या जंगलातील प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्यावी, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, ६४०० आणि त्यापुढेही नेऊन रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइल काढाव्यात आणि निकाल कॅमेऱ्याच्या पडद्यावर न लावता घरी संगणकावर पूर्ण आकारात पाहून लावावा. माझ्या मते, ज्याला प्रामुख्याने जंगलातले पक्षी टिपायचे आहेत, त्याने इथे घाई करू नये. तलावावरच्या उघड्या उन्हात एफ/८ फारसे अडत नाही.

तलावासाठी अंबाझरी सोयीचा आहे. बोरूवर टपून बसलेला खंड्या समोर असतो, वाट पाहता पाहता कॅमेरा झोपी जातो, आपण शटर अर्धे दाबतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उमटेपर्यंत खंड्या पाण्यात सूर मारून परतलेला असतो. म्हणून कॅमेरा किती वेळात जागा होतो हे आधी घरी पाहावे आणि झोपेची वेळ लांबवावी. त्याने बॅटरी लवकर संपते, तेव्हा किमान दोन जास्तीच्या बॅटऱ्या मागून घ्याव्यात. शटर पूर्ण दाबण्याआधीच्या काही फ्रेम राखून ठेवणारी सोय, जिला ओएम सिस्टीमच्या कॅमेऱ्यांत प्रो कॅप्चर म्हणतात, तिथे पोहोचण्यापूर्वीच चालू करून ठेवावी. कार्ड वेगवान आणि मोठे असावे, कारण बर्स्टमध्ये, म्हणजे सलग वेगाने फोटो काढताना, ते पाहता पाहता भरते.

आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरची परीक्षा मात्र घरी छताच्या पंख्यावरही होते: पाती वाकडी दिसली, तर उडत्या पक्ष्याचे पंखही तसेच वाकणार, आणि मग मेकॅनिकल शटर वापरून आवाज सोसावा लागेल. जुन्या लेन्स ॲडॉप्टरवर लावणार असाल, तर निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही आणि स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात, हे ध्यानात असू द्यावे.

ऊन चढल्यावर तापलेल्या काठावरची हवा थरथरू लागते आणि दूरची हळदीकुंकू बदके सगळ्याच लेन्समधून मऊ, पुसट येतात. तो दोष हवेचा असतो, किटचा नव्हे. त्यामुळे तीक्ष्णतेची तुलना सकाळीच उरकावी, आणि तीही एकाच जागेवरून, एकाच बसलेल्या पक्ष्यावर, आपला जुना कॅमेरा शेजारी ठेवून. उन्हातला उरलेला वेळ वजनासाठी द्यावा: किट गळ्यात घालून बांधावरून चालावे आणि आकाशात फिरणाऱ्या घारींचा पाठलाग हात भरून येईपर्यंत करावा.

शटर मूक आहे म्हणून घरट्याजवळ जाऊ नये.

भाड्याचे किट हाती घेतानाच लेन्सच्या काचेवरील ओरखडे व माउंटची स्थिती दुकानदारासमोर पाहून पावतीवर नोंदवून घ्यावी आणि परत देण्यापूर्वी आपले कार्ड काढून घ्यावे.