धावण्याचे बूट निवडताना गुडघ्याचा विचार

हौसेने धावणाऱ्यांचा गुडघा दुखू लागला की पहिला संशय बुटांवर जातो. पण बहुतेक वेळा खरे कारण अंतर किंवा वेग एकदम वाढवणे हे असते, आणि ते आधी तपासल्याशिवाय नवे बूट घेण्यात अर्थ नाही.

बूट घ्यायचेच असतील तर ते संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात, आणि धावताना वापरता तेच मोजे घालून दोन्ही पायांत बूट चढवून उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे, टाच निसटता कामा नये आणि चवडा आवळला जाता कामा नये. दुकानातच थोडे धावून पाहावे. तळपायाची कमान पाहून बूट ठरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र त्याने दुखापती कमी होतात असे ठामपणे सिद्ध झालेले नाही, म्हणून माझ्या मते पहिल्या पावलापासून जो बूट आरामदायक वाटतो तोच घ्यावा.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलावेत. जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल तर अंतर कमी करावे आणि पावले थोडी आखूड टाकावीत. गुडघ्याला सूज आली, तो अडकू लागला किंवा शरीराचे वजन पेलेनासा झाला, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.