चर्चचा पाळक झाल्यावर सुरुवातीच्या वर्षांत शिकलो ते

सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणशाळेतून, बाहेर पडलो तेव्हा रविवारचा संदेश, म्हणजे चर्चमधलं प्रवचन, चांगला झाला की आपलं काम झालं, अशी माझी समजूत होती. संदेशाची तयारी हवीच. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असं बायबलात याकोबाने उगाच लिहिलेलं नाही. पण मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, तुम्हाला ओळखते ती सोमवार ते शनिवार.

पहिल्याच वर्षी मी एक घोडचूक केली. मंडळीतल्या एका बाईंनी घरातली अडचण विश्वासाने सांगितली होती. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी म्हणालो, "एका कुटुंबासाठी प्रार्थना करू या, संसार मोडायच्या बेतात आहे." नाव घेतलं नाही, यातच मी खूश. पण पंधरा माणसांत नाव घ्यावं लागत नाही. बाईंनी गीतपुस्तक मिटलं, खुर्चीवर ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

प्रार्थनेच्या नावाखाली होणारी ही चहाडी नव्या पाळकाचा सगळ्यात मोठा सापळा आहे. कॅथलिक धर्मगुरूंसाठी नियम स्पष्ट आहे: 1983 च्या धर्मसंहितेतल्या कलम 983 नुसार पापनिवेदनात ऐकलेलं कधीच, कोणत्याही कारणाने उघड करायचं नाही. आमच्या परंपरेत तसं कलम नाही, म्हणून शिस्त स्वतःलाच लावावी लागते. मी आता आधीच विचारतो, "हे सभेत मांडू का?" आणि हेही आधीच सांगतो, की एखाद्या लेकरावर अत्याचार होत असेल तर मी गप्प बसणार नाही. मंडळीची अब्रू वाचवायला असं प्रकरण झाकणं याला मी पाळकपण म्हणत नाही.

आजाऱ्याच्या भेटीला जाल तेव्हा उपदेश घरी ठेवून जा. मी सुरुवातीला खाटेपाशी अर्धा अर्धा तास बोलायचो. माणूस थकून डोळे मिटायचा आणि मला वाटायचं, प्रार्थनेत तल्लीन झालाय! बायबलातल्या स्तोत्र 23 मध्ये सहाच वचनं आहेत. ती वाचायची, हात धरून बसायचं, उठायचं.

दानार्पणाचे पैसे मी मोजत नाही. दोघे जण मोजतात, सही करतात, खजिनदाराकडे देतात. यरुशलेमेसाठी वर्गणी नेताना येशूचा प्रेषित पौल यानेसुद्धा आपला सोबती तीत याच्याबरोबर आणखी विश्वासू भाऊ पाठवले, कोणी दोष लावू नये म्हणून. तिथे तुमचा-आमचा काय पाड?

सगळं एकट्याने ओढू नका. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ते काम सात जणांवर सोपवलं. मी हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळासमोर वाचून दाखवलं आणि तरी दोन वर्षं चर्चच्या किल्ल्या माझ्याच खिशात ठेवल्या. "पाळकसाहेबांना विचारा" हे ऐकायला फार गोड लागतं. सोपवलेल्या लोकांवर धनीपण करू नका, असं प्रेषित पेत्र मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बजावतो. धनीपणाची सुरुवात अशा किल्ल्यांपासूनच होते.

माझ्याकडे एक वही आहे. लागोपाठ दोन रविवार जो आला नाही, त्याचं नाव त्यात जातं आणि मंगळवारी फोन. "का आला नाहीत?" असं विचारत नाही. "कसे आहात?" एवढंच.

त्या बाईंच्या दारी जाऊन मी माफी मागितली. सात-आठ महिन्यांनी त्या उपासनेला येऊ लागल्या. हसून बोलतात, गीतं म्हणतात. घरातलं मात्र मला अजून काही सांगत नाहीत.